रिबकेचा हात कोणी धरला

नोहा पाटोळे म्हटलं तर नगरात कोणाला घर सांगता यायचं नाही. नोहा पेंटर म्हणा, मिशन कंपाऊंडच्या गेटापासून एमआयडीसीपर्यंत कोणीही बोट करून दाखवील. दुकानांच्या पाट्या, टेम्पोंच्या पाठी, शाळांच्या भिंती, कबरस्तानातले क्रूस, सगळीकडे या माणसाचं अक्षर. एकाच माणसाचं नाव आधी दुकानावर आणि मग क्रूसावर काढायची पाळीही त्याच्यावर बऱ्याचदा आलेली आहे.

माणूस तसा सोन्यासारखा. दारू नाही, तंबाखू नाही, रविवारची उपासना कधी चुकवली नाही. पण जळकुकडा. तसा जळकुकडा माणूस देवानं पुन्हा घडवला नसेल. फ्लेक्सची मशीनं आली आणि धंदा बसला, तेव्हा सगळ्या फ्लेक्सवाल्यांवर तो जळायला लागला, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण रेडिओवर बातम्या देणाऱ्याचा आवाज गोड आहे असं त्याची बायको मेरी एकदा म्हणाली, तर यानं दुसऱ्या दिवशी रेडिओचे सेल काढून ठेवले आणि महिनाभर ‘सेल मिळत न्हाईत’ म्हणून सांगितलं. चर्चचे नवे पाळकसाहेब जेवायला आले, मेरीनं त्यांना आग्रहानं मटण वाढलं, तर हा गडी दोन दिवस जेवताना मान वर करीना. मेरी बालवाडीची बाई. साऱ्या गावच्या पोरांची नाकं पुसण्यात तिचा जन्म गेला. तिला हे कळत नव्हतं असं नाही, पण तिनं त्याचा कधी गाजावाजा केला नाही. ‘ह्यांचं आपलं असंच आहे’ म्हणायची आणि कामाला लागायची.

तर या माणसापुढे तो फोटो आला.

चर्चचा मोठा जुबिली सण जवळ आला होता आणि कमिटीनं जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. फार वर्षांपूर्वी इथे राहून मिशनची शाळा आणि बोर्डिंग चालवलेल्या मिससाहेबांची पुतणी अमेरिकेत आहे. तिनं एक फोटो मोबाईलवर पाठवला. मिससाहेबांच्या बंगल्याची बाग, आणि बागेत नाटकाच्या पोशाखातली मुलं. नाटक इसहाक आणि रिबकेचं. अब्राहामाचा चाकर उंट घेऊन मालकाच्या मुलासाठी बायको शोधायला निघतो, विहिरीवर त्याला रिबका भेटते, ती उंटांना पाणी पाजते आणि शेवटी इसहाकाची बायको होते. विहीर म्हणून बागेतला हौद होता आणि उंट गोणपाटाचे होते, एकेका उंटात दोन दोन पोरं वाकलेली.

कमिटीची सेक्रेटरी जास्मिन, शिकलेली आणि लगबगीची मुलगी. तिनं फोटो मोठा करून प्लायवूडवर चिकटवून घेतला, खाली पांढऱ्या रंगाची रुंद पट्टी ठेवली आणि नोहाला म्हणाली, “काका, या पट्टीवर प्रत्येक मुलाखाली त्याचं नाव यायला पाहिजे. पाळकसाहेब म्हणाले, फ्लेक्स नको. तुमच्याच हातचं हवं.”

नोहाची छाती फुगली. फ्लेक्सवाल्यांना परस्पर उत्तर मिळालं होतं.

उपासना सुटल्यावर चर्चच्या व्हरांड्यात फोटो टेकवून ठेवला आणि म्हातारी मंडळी चष्मे पुसत भोवती जमली. हा कोण, ही कोण, याला वेळ लागला नाही. अब्राहामाची पांढरी दाढी लावलेला मुलगा तर नावाचाही अब्राहामच निघाला. हौदाकाठी बादली धरून उभी असलेली स्टेला. घोटाळा उंटांचा होता, कारण त्यांची तोंडं गोणपाटात. तेव्हा अँड्र्यू गायकवाड पुढे झाला. दूधडेअरीतून रिटायर झालेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. दुसऱ्या उंटाच्या मागच्या पायावर बोट ठेवून म्हणाला, “ही टाच माझी. अशी भेगाळलेली टाच साऱ्या बोर्डिंगात दुसऱ्या कोणाची नव्हती.” आणि सर्वांना दाखवायला त्यानं चप्पल काढून पाय वर केला. सगळे पोट धरून हसले.

नोहा हसला नाही. तो फोटोच्या मधोमध बघत होता.

मधोमध रिबका होती, डोक्यावर ओढणी, गळ्यात कागदी फुलांची माळ. मेरी. शेवगावकडच्या खेड्यातून नोहा नगरात आला तेव्हा ती तरुण बाई झाली होती. ही पोर त्यानं कधी पाहिलीच नव्हती. इतकी देखणी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि तिच्या शेजारी इसहाक. फेटा, काजळाच्या मिशा, ताठ मान, आणि मेरीचा हात गच्च धरलेला. मेरी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघून हसत होती.

“हा कोण?” नोहानं विचारलं.

“इसहाक ना? शेख,” मेरी म्हणाली, आणि तिच्या ओठांवर तेच हसू आलं, फोटोतलं.

तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

घरी जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या शेखला लई घट्ट हात धरायची सवय हुती वाटतं.”

“अहो, काय सांगू!” मेरी भाकरी मोडता मोडता रंगात आली. “नाटक संपलं, टाळ्या झाल्या, तरी शेखनं माझा हात धरूनच ठेवला, सोडेचना. मिससाहेब ओरडल्या तेव्हा सुटला. शेखला माझ्याशिवाय करमायचंच नाही. बोर्डिंगच्या भाजीत अळ्या निघायच्या, मला खाववायचं नाही, तर शेखनं घरून आणलेला डबा रोज मला द्यायचा आणि माझी भाजी आपण खायची.”

“अळ्यांसकट?”

“अळ्यांसकट!”

नोहानं ताट सरकवलं. आपण या बाईसाठी कधी अळ्या खाल्ल्या नाहीत, ही गोष्ट त्याला एकदम टोचली. “मला भूक न्हाई,” म्हणाला आणि उठला. मेरी पुढं काहीतरी सांगत होती, पण तो ऐकायला थांबला नाही.

त्यानंतरचे दिवस त्याचे वाईट गेले. फोटो घरी आणला होता, नावं काढायला. एकेक नाव आखून, हात टेकवायची काठी लावून तो काढत होता. अब्राहाम. स्टेला. अँड्र्यू, उंटाच्या मागच्या बाजूला. मेरीचं नाव काढताना त्यानं र ला जी वेलांटी दिली तशी आयुष्यात कुठल्या दुकानाला दिली नव्हती. पण तिच्या शेजारची जागा कोरीच राहिली. तिथवर ब्रश न्यायचा आणि पुन्हा डब्यात ठेवून द्यायचा. आपल्या बायकोचा हात धरलेल्या माणसाचं नाव आपणच, आपल्या हातानं, रंगवून ठेवायचं! वर लोक म्हणणार, नोहाकाका, अक्षर काय झोकदार काढलंय! त्याला त्या काजळाच्या मिशांवर पांढरा रंग फासावासा वाटला. एकदा तर ब्रश बुडवूनही झाला होता.

शेवटी त्याला राहवेना. तो अँड्र्यूच्या घरी गेला. अँड्र्यू अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत बसला होता.

“अँड्र्यूभाऊ, ह्यो शेख कोन?”

“कोणता शेख?”

“नाटकातला. इसहाक. मेरीचा हात धरून उभा हाय त्यो. कुठं असतो? जिता हाय का?”

अँड्र्यूनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग इतका हसला की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. “अरे पेंटरा! मिससाहेब पोराला पोरीचा हात धरू देतील होय? आम्ही पोरं म्हणून आम्हाला उंटात कोंबलं, गोणपाट पांघरून! अब्राहामालासुद्धा पोरींपासून दहा हात लांब उभं केलं होतं. तो इसहाक म्हणजे सुरय्या. सुरय्या शेख! झेंडी गेटाकडची पोरगी. उंच होती, म्हणून तिला मिशा काढल्या. पोरींच्या शाळेत सगळ्या एकमेकींना आडनावानंच हाक मारायच्या. मेरीला त्या पाटोळे नव्हत्या म्हणत तेव्हा, चांदेकर म्हणायच्या.”

नोहा वाकून सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागला. सारी जिंदगी मराठी अक्षरं काढण्यात घालवलेला हा माणूस, आणि त्याच मराठीनं त्याला फसवलं होतं. शेखनं हात धरला, शेखनं डबा द्यायचा, शेखला करमायचं नाही. त्या ‘नं’ मागे मिशा आहेत की वेणी, कोण सांगणार? आणि मिशनच्या मंडळींची शिस्त त्याला काय ठाऊक नव्हती? त्याचं स्वतःचं लग्न ठरल्यावरसुद्धा पाळकीणबाई मध्ये बसल्याशिवाय मेरीशी दोन शब्द बोलता आले नव्हते. पण जळायला लागलेल्या माणसाला धुरापलीकडचं दिसत नाही.

घरी जाताना त्यानं भेळ घेतली. कधी नव्हे ते शीळ घातली. दारातूनच म्हणाला, “मेरी! तुजा इसहाक बाई निघाला की!” आणि सगळी फजिती त्यानं आपणहून सांगितली.

मेरी हसली. पण थोडंच हसली. भेळेचा कागद तिनं बाजूला ठेवला.

“म्हणजे तुम्ही शेखवर जळत होता,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मग बरोबरच जळत होता. खरं सांगते, तिच्याएवढा जीव मी कोणालाच लावला नाही. आईलासुद्धा नाही.”

नोहाच्या तोंडातली भेळ तशीच राहिली.

“आणि ती मला सोडून गेली. आपलं लग्न ठरलं, मी तिला पत्रिका दिली. आली नाही. नंतर एकदा कापड बाजारात समोरासमोर आलो, तर तोंड फिरवून गेली. मी मागे धावले, हाका मारल्या. वळली नाही. माझं काय चुकलं, ते मला आजवर कळलं नाही हो. बालवाडीत दोन पोरी गळ्यात गळा घालून बसल्या की मला आधी तेच आठवायचं. काय चुकलं असेल माझं?”

तिनं डोळे पुसले आणि भेळ वाटीत काढायला घेतली. शेख पुरुष असता तर नोहाला भांडता आलं असतं, दोन दिवस अबोला धरता आला असता. पण एका मैत्रिणीवरून बायकोवर कोणत्या तोंडानं रागवायचं? आणि आधीची जळजळ वरवरची होती, ही पार खाली उतरली. इतक्या वर्षांच्या संसारात आपण पहिले नव्हतो. पहिली जागा आधीच कोणीतरी घेऊन ठेवली होती आणि वर रिकामी सोडून गेलं होतं, तरी ती आपल्याला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अँड्र्यूकडे गेला. “ती सुरय्या कुठं हाय?” शेवगावला, अँड्र्यू म्हणाला. तिचा मुलगा तौफिक मोटर वाइंडिंग करतो, अँड्र्यूच्या शेतातली मोटर त्याच्याकडेच जाते. त्यानं नंबर दिला.

कबरस्तानात क्रूसांना सणासाठी नवा रंग द्यायचं काम नोहाकडेच होतं. भर दुपारी तिथं कोणी नसतं. एका क्रूसापाशी बसून त्यानं फोन लावला. मनात ठरवलं होतं, नाव कसं लिहायचं एवढंच विचारायचं. आधी तौफिक बोलला, मग त्यानं आईला फोन दिला.

“मी नगरहून बोलतो. नोहा पेंटर. मिशन शाळेच्या नाटकाचा जुना फोटो हाय, त्याखाली तुमचं नाव काढायचंय. सुरय्या की सुरैया?”

पलीकडून एक जाड, घोगरा आवाज आला, “नोहा? चांदेकरचे नोहा?”

“व्हय.”

“म्हंजी तुमीच का ते दाजी! चांगले हाय ना? ती?”

“ती चांगली हाय.” नोहाला आपला आवाज रुक्ष वाटला. मग त्याच्या तोंडून निघूनच गेलं, “लग्नाला का न्हाई आला तुमी? ती अजून रडती.”

“दाजी, आता म्हातारपनी कशाला खोटं बोलू,” सुरय्या म्हणाली. “तुमचा लई राग आलता मला. तुमचं ठरलं, आन् ही बया नुसतं तुमचंच सांगायची. नोहा असं म्हनले, नोहा तसं हसले. त्यांचं अक्षर बघ कसं हाय, मोत्यावानी. पत्रिकेच्या पाकिटावर माझं नाव तुमीच काढल्यालं व्हतं ना? फाडून टाकलं मी. मनात म्हनलं, ह्यो कोन मधीच आला? इतकं जळलं माझं दाजी, इतकं जळलं! मंग बाजारात दिसली तवा लाजच वाटली. कुठल्या तोंडानं बोलू? त्यात वरसं गेली.”

“आता?” नोहानं विचारलं. “आता हाय का राग?”

“हाय की!” ती हसली. हसणं मोकळं, पोरीचं होतं. “ती तुमच्याच घरात हाय ना अजून. माझं हे तिला सांगायचं तर सांगा, न्हाईतर नका सांगू. तुमची बायको हाय.”

फोन ठेवल्यावर नोहा क्रूसाला टेकून बराच वेळ बसला. त्याच्या आयुष्यात त्याच्यावर कोणी जळलं नव्हतं. जळण्यासारखं होतं काय त्याच्यापाशी? मोडका धंदा, दोन खोल्या, रंगाचे डबे. तोच सदान्‌कदा दुसऱ्यांवर जळत आला होता. आणि इकडे शेवगावात एक बाई त्याच्या नावानं आत आत जळत होती, पाकिटावरचं, त्याला आठवतही नसलेलं त्याचं अक्षर फाडत होती. मोत्यावानी, मेरी म्हणाली होती. त्याला ती कधीच म्हणाली नव्हती. त्याला आनंद झाला, एवढा की क्रूसावरचं नाव पुरं करताना मेलेल्या माणसाच्या आडनावातला काना राहून गेला.

पण घरी त्यानं काही सांगितलं नाही. त्या रात्रीही नाही, पुढच्या दिवशीही नाही. मेरी भाजी निवडत बसलेली असायची, तो समोर धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवत असायचा. सांगितलं तर मेरीच्या मनातली एवढ्या वर्षांची गाठ सुटेल, हे त्याला पक्कं कळत होतं. आणि गाठ सुटलेली मेरी पहिली एसटी धरून शेवगावला जाईल, हेही कळत होतं. गाठ होती तोवर निदान ती याच्या घरात बसून रडत होती. आपण किती हलकट आहोत असं त्याला वाटायचं, आणि तरी तो गप्प राहायचा. कोऱ्या जागेवर मात्र त्यानं नाव काढलं. सुरय्या शेख. वाईट काढायचं मनात होतं, पण हाताला वाईट काढता येईना.

जुबिलीच्या रविवारी चर्चच्या आवारात मंडप होता. फोटोपुढे गर्दी लोटली होती. अँड्र्यू येईल त्याला चप्पल काढून टाच दाखवत होता. जास्मिननं नोहाला शाल दिली, टाळ्या झाल्या, सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं. गर्दी पांगली तशी मेरी फोटोच्या जवळ गेली आणि त्या एका नावावरून तिनं हळूच बोट फिरवलं. रंग केव्हाच वाळला होता, तरी ओल्या रंगावरून फिरवावं इतक्या जपून.

“फार सुरेख काढलंत,” ती म्हणाली. “कुठे असेल हो ती? असेल की नसेल? माझ्यावरचा राग घेऊनच गेली असेल.”

नोहा तिच्या मागं उभा होता. तिचे पांढरे केस, झुकलेली मान, आणि समोर फोटोत ती पोर, दुसऱ्याकडे बघून हसणारी. आता गप्प राहिलो तर ही असंच विचारत मरेल, आणि हिच्या क्रूसावरचं नाव मलाच काढावं लागेल, असं त्याच्या मनात आलं.

“ती तुज्यावर न्हाई रागावली,” तो म्हणाला. “माज्यावर जळत हुती. तू माजंच सांगत राहायची म्हनून. तुजं काय बी चुकलं न्हाई. मला ठावं हुतं, चार दिस झाले. मीच सांगितलं न्हाई.”

मेरी वळली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रागावेल असं त्याला वाटलं, रागावली असती तर बरंही वाटलं असतं. पण तिला रागवायला सवड नव्हती. “जिवंत आहे?” एवढंच तिनं विचारलं.

नोहानं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला, रिंग वाजेपर्यंत हातात धरला आणि मग तिच्या हातात दिला. आपण इथं थांबू नये एवढं त्याला कळलं. तो मंडपाच्या बाजूला चहाच्या टेबलाकडे चालू लागला.

“ए शेख!” मागून मेरी ओरडली. “ए गाढवा, मी चांदेकर!”

नोहा जागच्या जागी थांबला. तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. संसार झाला, म्हातारपण आलं, पण त्या आवाजात मेरीनं त्याला एकदाही हाक मारली नव्हती. तिला तसं ओरडता येतं हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्याचं काळीज जळून गेलं. चहा घ्यायला कोणीतरी त्याला बोलावत होतं, पण तो तिथंच उभा राहिला, कारण त्याला तो आवाज अजून ऐकायचा होता.